जुन्या मोटारीचे रास्त मोल कसे ठरवावे?

बोरी अरब (ता. दारव्हा, जि. यवतमाळ), प्रतिनिधी -
वाड्यामागच्या पडवीत किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली आजोबांची मोटार विकायची ठरली, की दोन टोकांचे भाव कानी येतात. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. लिलावाच्या बातम्या वाचलेला एखादा नातेवाईक थेट कोटीची भाषा करतो. दुरुस्ती न झालेल्या अशा गाडीचा रास्त भाव बहुधा या दोन्हींच्या मध्ये असतो आणि तो हिशेबाने काढता येतो. हिशेब न करता व्यवहार केला, तर विकणाऱ्याचे लाखो रुपयांचे नुकसान होऊ शकते किंवा घेणारा कर्जात अडकू शकतो.

गाडी नेमकी कोणती?
आपल्याकडे जुनी दिसणारी प्रत्येक गाडी सरसकट ‘व्हिंटेज’ म्हटली जाते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मात्र १९१९ ते १९३० या काळातील मोटारींनाच हे नाव आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे फोर्डही आली. स्वातंत्र्यानंतर विलीज जीप, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर रस्त्यावर दिसू लागल्या. फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरचे सुटे भाग अजून मिळतात. पण या गाड्या संख्येने पुष्कळ असल्याने त्यांना भाव बेताचाच येतो. युद्धपूर्व गाडी दुर्मीळ असते. मात्र तिचा हरवलेला दिवा किंवा रेडिएटरचे झाकण शोधण्यात वर्षे जातात.

वजाबाकीचा हिशेब
त्याच मॉडेलची, उत्तम दुरुस्त केलेली गाडी प्रत्यक्षात कितीला विकली जाते, येथून सुरुवात करावी. जाहिरातीतील अपेक्षित किंमत धरू नये. उदाहरणादाखल हा भाव १८ लाख रुपये समजू. दुरुस्तीचा अंदाज ९ लाख, उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामांसाठी त्याच्या चौथाई म्हणजे सव्वादोन लाख, वाहतूक व कागदपत्रांसाठी पाऊण लाख. हे सारे वजा जाता ६ लाख उरतात. हाच बोलणीचा पाया.

आता याच गाडीचे मूळ इंजिन काढून दुसरे बसवले असेल आणि त्यामुळे दुरुस्तीनंतरचा भाव १२ लाखांवर आला, तर हिशेबाचे उत्तर शून्य येते! म्हणजे अशा गाडीला केवळ सुट्या भागांचे मोल उरते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अनेकांनी पेट्रोलऐवजी डिझेल इंजिने बसवली. म्हणून इंजिन व चॅसिसचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहणे ही पहिली तपासणी होय.

भंगाराचा हिशेबही पाहू. सव्वा टनाच्या गाडीला किलोमागे ३० रुपये धरले, तर हाती येतात साडेसदतीस हजार.

हवामान आणि कागद
कोकणातील खाऱ्या हवेपेक्षा विदर्भाच्या कोरड्या हवेत पत्रा अधिक टिकतो. पण उन्हाळ्यात रबर, कातडी आसने व लाकडी सांगाडा तडकतो. काळ्या मातीवर उभ्या गाडीचा तळ पावसाळ्यातील ओलीने गंजतो. म्हणून गाडी खालून पाहावी. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. तो जेथे चिकटत नाही, तेथे लांबी भरलेली असण्याची शक्यता असते.

कागदपत्रांचा प्रश्न येथे अधिक गुंतागुंतीचा आहे. यवतमाळ जिल्हा प्रथम मध्य प्रांत व वऱ्हाडात, नंतर मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. जुन्या गाडीची नोंद यांपैकी कोणत्या राजवटीतील आहे आणि वारसांची नावे चढली आहेत का, यावर भाव बराच हलतो.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ मधील नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील, मोठे बदल न केलेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार, तर पुनर्नोंदणीचे ५ हजार रुपये ठरले. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम राहतो. रोजच्या वा व्यावसायिक वापरास मात्र परवानगी नाही.

धुळीलाही किंमत?
कधीकधी असते. फ्रान्समध्ये शेडखाली दशकानुदशके पडून असलेल्या ‘बायों’ संग्रहातील ५९ गाड्यांचा २०१५ मध्ये पॅरिस येथे लिलाव झाला. त्यांतील १९६१ ची एक फेरारी, दुरुस्ती न करताच, १ कोटी ६० लाखांहून अधिक युरोंना गेली. परंतु संपूर्ण लिलावाची रक्कम होती सुमारे अडीच कोटी युरो. उरलेल्या ५८ गाड्यांच्या वाट्याला मिळून जेमतेम तिसरा हिस्सा आला. भाव फेरारीच्या दुर्मीळतेला आणि अस्सलपणाला मिळाला, धुळीला नव्हे.

विकण्यापूर्वी एवढे कराच
- गाडी रंगवू नका. मूळ रंगाचा पुरावा नाहीसा होतो.
- दिवे, घड्याळे, चाकांच्या टोप्या सुट्या विकू नका.
- बंद इंजिन बॅटरी लावून वा ढकलून सुरू करण्याचा प्रयत्न करू नका. जाणत्या मेकॅनिककडून ते आधी हाताने फिरते का, हे पाहून घ्या.
- जुने कर-पावत्या, विम्याचे कागद, छायाचित्रे एकत्र ठेवा.
- किमान दोन स्वतंत्र जाणकारांकडून लेखी अंदाज घ्या आणि तोवर विसार स्वीकारू नका.