पोटातली चौदा इंजेक्शनं

करवीर किंवा गगनबावडा तालुक्यातल्या कुठल्याही गावात साठी उलटलेल्या माणसाला विचारा, कुत्रं चावलं तर काय करायचं? उत्तर देण्याआधी त्याचा हात पोटाकडे जाईल. ‘पोटात चौदा इंजेक्शनं!’

ही भीती अगदीच खोटी नव्हती, वाचकहो. सुया दुखायच्या हे तर झालंच. पण क्वचित कुणाला लस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत पायांतलं बळ जायचं, लघवी अडायची, कधी शुद्धही हरपायची. कुत्र्याचं विष भिनलं, असं घरची माणसं समजत. ते विष नव्हतं. मग काय होतं, याचा शोध घेताना मल्टिपल स्क्लेरोसिस या वेगळ्याच रोगाची वाट उजळली.

आधी त्या लशीची हकिकत. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला ती तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे, तो मेंदू काढून वाटायचा, कार्बॉलिक ॲसिडने विषाणू मारायचे आणि तो द्रव माणसाला टोचायचा. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही अशी लस होत असे. रेबीज एकदा उठला की मरण जवळजवळ ठरलेलं, तेव्हा या लशीने कितीतरी जीव वाचवले हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. मेख एवढीच, की मेलेल्या विषाणूंबरोबर मेंढीचा मेंदूही अंगात जात होता.

आता मेंदूतल्या तारांकडे वळू. विहिरीवरच्या मोटारीची केबल तुम्ही पाहिली आहे. आत तांब्याची तार, वर वेष्टन. आपल्या पुष्कळ मज्जातंतूंवरही असंच वेष्टन असतं, त्याला मायेलिन म्हणतात. स्निग्ध द्रव्य आणि प्रथिनं यांचे थरावर थर गुंडाळलेले असतात. केबलची उपमा इथे थोडी लंगडी पडते. कारण मायेलिनमध्ये ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. म्हणून तर तो इतका वेगाने धावतो. वेष्टन झडलं की संदेश रेंगाळतो, नाहीतर वाटेतच विरतो.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी या शरीराच्या पहारेकरी. परकं ओळखायचं आणि हाणायचं, हे त्यांचं काम. पण मेंढीच्या मायेलिनमधली काही प्रथिनं आपल्या प्रथिनांशी फार मिळतीजुळती आहेत. एरवी पहारेकरी आपल्या मायेलिनच्या वाटेला जात नाहीत. रोजच्या रोज मेंदूचा द्रव टोचला गेल्यावर मात्र एखाद्याच्या शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध हाकाटी होते. गावात घोंगडी पांघरलेला चोर आल्याची आवई उठावी आणि रात्री घोंगडी पांघरून येणाऱ्या घरच्याच धनगराला लोकांनी बडवावं, तसं हे.

हा नुसता तर्क नव्हे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा द्रव पुनःपुन्हा टोचला. त्यात रेबीजचा विषाणू नव्हता. तरी काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायेलिन झडलेलं आढळलं. हे प्रयोग १९३३ आणि १९३५ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९८७ मध्ये थायलंडमधल्या संशोधनात, मेंदूची लस घेऊन आजारी पडलेल्या माणसांच्या रक्तात मायेलिनच्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं सापडली.

भारतात ही लस बनवणं डिसेंबर २००४ मध्ये बंद झालं. आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतून काढतात; तिच्यात मेंदूचा अंश नाही. ती पोटात नव्हे, दंडावर, चार-पाच खेपांत देतात. शिक्षकांनी हे वर्गात आवर्जून सांगावं, कारण आजोबांची भीती नातवाला वारशात मिळते, आणि मूल कुत्रं चावल्याचं घरी सांगतच नाही. चावल्याबरोबर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. चुना-तिखट काही लावायचं नाही.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये कुणी मेंदू टोचलेला नसतो, तरी पहारेकरी घरातच उलटतात. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. एका डोळ्याला अंधुक दिसतं, पाय बधिर होतात, तोल जातो. काही आठवड्यांनी बरं वाटतं, मग पुन्हा उलटतं. हे येणं-जाणंच रोग्याच्या मुळावर येतं. काल चालणारी सून आज उठत नाही म्हटल्यावर कुणी सोंग म्हणतं, कुणी बाहेरची बाधा. आपल्याकडे हा रोग युरोपइतका आढळत नाही, पण आढळतो. मुंबईचे मेंदूतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी पारशी समाजातलं त्याचं प्रमाण १९९० साली दाखवून दिलं.

मायेलिन ओळखणाऱ्या पेशी धडधाकट माणसाच्या रक्तातही सापडतात. तिथे त्या आवरलेल्या असतात. मग लगाम सुटतो कशाने? अमेरिकी सैन्यातल्या तरुणांच्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये असं दिसलं, की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर या रोगाचा धोका सुमारे बत्तीसपट वाढतो. पण हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो आणि रोग मोजक्यांनाच होतो. म्हणजे एकटा विषाणू पुरत नाही.

औषधाची गोष्ट तर याहून गमतीची आहे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत मायेलिनच्या प्रथिनाची नक्कल करणारा पदार्थ बनवला, तो प्राण्यांत रोग निर्माण होतो का ते पाहायला. झालं उलटंच! रोग आवरला गेला. तोच पदार्थ ग्लॅटिरामर या नावाने १९९६ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाला. त्यानंतर आणखी प्रभावी औषधं आली. रोग मुळासकट जात नाही, पण झटके कमी होतात. झडलेलं मायेलिन थोडंफार पुन्हा धरतं. आतली तार तुटली तर मात्र जोडता येत नाही, म्हणून डॉक्टर पहिल्या झटक्यालाच रोग ओळखायची धडपड करतात.