मिथ्या विमान, सत्य शिक्षण

पोहण्याचें शास्त्र कितीही पाठ केलें तरी विहिरींत उतरल्यावांचून पोहतां येत नाहीं, हें घरांतील लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु कांहीं विद्या अशा आहेत कीं, त्यांत पहिली बुडी मारावयाची ती दुसऱ्याच्या प्राणांवर! रणांगणीं जखमी झालेल्या सैनिकास विमानांतून रुग्णालयांत पोंचविणाऱ्या पथकाची विद्या त्यांपैकींच होय.

अमेरिकेंत केंटकी राज्यांतील बोमन फील्ड येथून अशा विमान-परिचारिकांची पहिली तुकडी फेब्रुवारी १९४३ मध्यें शिकून बाहेर पडली. आज तेथील नेहमींच्या पथकांत दोन परिचारिका व तीन साहाय्यक अशीं पांच माणसें असतात. रुग्ण अत्यवस्थ असल्यास डॉक्टर, परिचारिका व श्वसनोपचारक हे तिघे त्यांस येऊन मिळतात.

भूमीवरील शुश्रूषा निराळी व आकाशांतील निराळी. विमानाच्या आंत हवेचा दाब ८००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका उतरूं शकतो. तितक्या उंचीवर शरीरांत कोंडलेली हवा सुमारें एक-तृतीयांशानें फुगते. छातींत फुप्फुसाबाहेर हवा सांचली असेल तर तीच प्राणघातक ठरते. इंजिनांच्या घरघराटांत स्टेथोस्कोप निरुपयोगी होतो. जागा अपुरी, प्रकाश मंद. आणि दुसरा वैद्य बोलवावा तर तो हजारों फूट खालीं!

या शिक्षणासाठीं अमेरिकेच्या वायुदलानें अलीकडे आभासी वास्तवाचें साह्य घेतलें आहे. डोक्यावर हेडसेट चढविला कीं भोंवतीं विमानाचा अंतर्भाग उभा राहतो. मान वळवावी तसें दृश्यही वळतें. शिक्षकाच्या इच्छेसरशीं समोरील रुग्णाचा रक्तदाब उतरतो, प्राणवायु घटतो. चूक झाली तर पुनः पहिल्यापासून आरंभ! या कल्पनेचीं मुळें जुनींच आहेत. वैमानिकांस जमिनीवरच उड्डाण शिकविणारें यंत्र एडविन लिंक यानें १९२९ च्या सुमारास सिद्ध केलें, व डोक्यावर चढवावयाचा दृश्यपट आयव्हन सदरलंड यानें १९६८ सालीं.

रज्जुसर्पाचा दृष्टांत वाचकांस परिचित आहेच. दोरीवर भासलेला सर्प खोटा, परंतु त्यास पाहून सुटलेला कंप खरा. येथेंही रुग्ण मिथ्या, पण शिकणाऱ्याच्या छातींतील धडधड खरी. आणि त्या धडधडींत बुद्धि स्थिर ठेवण्याचा अभ्यासही खराच. मात्र या आभासास वजन नाहीं. स्ट्रेचर उचलतांना हातांस बसणारी ओढ, रक्तानें निसरडे झालेले हातमोजे, जखमी पोरानें घट्ट धरलेलें मनगट, हीं हेडसेटांत सांपडावयाचीं नाहींत. म्हणून पुतळ्यांवरील सराव व प्रत्यक्ष उड्डाण यांस रजा देऊन चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मुलांच्या चुकांवर तांबडी शाई ओढण्यांत आमचें आयुष्य गेलें. तेथें चुकीचें मोल फार तर एक गुण. ज्यांच्या चुकीचें मोल कोणा मातेस द्यावें लागतें, त्यांनीं आपल्या चुका आधीं या मिथ्या विमानांतच संपवून घ्याव्या, हें उत्तम.