मोबाइल जाळ्यातील नियंत्रण व वहन यांची फारकत : प्रोटोकॉलच्या निवडीचा प्रश्न

मोबाइल जाळ्यात दोन भिन्न कार्ये चालतात. ग्राहकाची ओळख पटविणे, त्याला पत्ता देणे व तो एका मनोऱ्याच्या कक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत गेला असता त्याचा मार्ग बदलणे, ही नियंत्रण-प्रतलाची कामे होत. त्याचा ध्वनी, चित्र वा मजकूर प्रत्यक्ष वाहून नेणे, हे उपयोक्ता-प्रतलाचे काम होय. पूर्वी जाळ्याच्या गाभ्यातील गेटवे ही दोन्ही कामे एकत्रच करीत. थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय मानक-संघटनेने २०१७ साली पूर्ण झालेल्या आपल्या १४व्या आवृत्तीत त्यांच्या फारकतीची रीत निश्चित केली.

या फारकतीचे प्रयोजन जालन्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तेथील एखाद्या पोलाद-कारखान्यात भट्टीपाशी मोबाइल जाळ्यास जोडलेला कॅमेरा आहे व त्याचे चित्र त्याच आवारातील पर्यवेक्षकास आपल्या फोनवर पाहावयाचे आहे, अशी कल्पना करावी. गेटवे मुंबईस असल्यास ते चित्र मुंबईस जाऊन परत येईल. तंतुमार्ग ४०० किलोमीटरांचा धरला, तर प्रकाशास जाण्यायेण्यास सुमारे ४ सहस्रांश सेकंद लागतील. हा विलंब अल्प आहे. परंतु लांबच्या केबलवर तोच भार दोनदा पडतो, आणि केबल तुटल्यास कारखान्यातील चित्र कारखान्यातच दिसेनासे होते. वाहक यंत्र जालन्यास व नियंत्रण मुंबईस ठेवल्यास हा द्राविडी प्राणायाम टळतो.

मात्र या दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या नियमांनी बोलावे, हा प्रश्न उरतो. ओपनफ्लो हा प्रोटोकॉल आधीच उपलब्ध होता. अमुक लक्षणाचे पॅकेट आल्यास ते अमुक दिशेस धाडावे, अशी आज्ञा तो स्विचला देतो. परंतु मोबाइल गेटवेला याहून अधिक करावे लागते. आकारणीसाठी वापर मोजून तो कळवावा लागतो. फोन निद्रिस्त असल्यास तो जागा होईपर्यंत पॅकेटे राखून ठेवावी लागतात. ओपनफ्लोत हे सर्व बसविण्यासाठी बरीच भर घालावी लागली असती, आणि त्याची सूत्रे दुसऱ्या संस्थेच्या हाती होती.

म्हणून पीएफसीपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल रचण्यात आला. पॅकेट ओळखणे, पुढे धाडणे, सेवेचा दर्जा राखणे, वापर मोजणे व पॅकेट राखून ठेवणे, यांचे नियम नियंत्रक प्रत्येक सत्रासाठी वाहक यंत्रास देतो. संदेश यूडीपीवरून, ८८०५ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. यूडीपी पोहोचीची हमी देत नसल्याने उत्तर न आल्यास संदेश पुन्हा पाठविण्याची व्यवस्था प्रोटोकॉलमध्येच आहे. दुसरे यंत्र जिवंत आहे की नाही, हेही ठराविक काळाने विचारले जाते.

या निवडीस मर्यादाही आहेत. सर्वसाधारण स्विचना ही भाषा अवगत नसते. उत्पादकांना खाजगी घटक जोडण्याची मुभा असल्याने भिन्न उत्पादकांची यंत्रे जुळविताना कसून चाचणी करावी लागते. मुंबईशी संपर्क तुटल्यास जालन्यातील चालू सत्रे आधी दिलेल्या नियमांवर काही काळ चालविता येतील. नवे सत्र मात्र सुरू होणार नाही. तथापि पाचव्या पिढीच्या जाळ्यानेही पीएफसीपीच स्वीकारला. आज्ञा किती वेगाने पोहोचते यापेक्षा दूरच्या यंत्राने काय स्मरणात ठेवावे व काय कळवावे, हीच या निवडीची खरी कसोटी ठरली.