खटक्यापासून काचेपर्यंत, आणि काही पावले मागे

समुद्रातल्या माशांचा थवा प्रतिध्वनीवरून हुडकणारे, दुकानात विकत मिळणारे पहिले यंत्र, म्हणजे फिश फाइंडर, १९४८ साली जपानमधल्या नागासाकीत तयार झाले. मासेमारी नौकांवरच्या दिव्यांची आणि विजेची कामे करणाऱ्या फुरुनो बंधूंनी युद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी सामानातून ते जुळवले. मासे जमतात तिथून बुडबुडे वर येतात, असे एका जुन्याजाणत्या मच्छीमाराकडून ऐकले आणि तिथून ही कल्पना सुचली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. त्या पिढीची ही यंत्रे वापरायला सोपी होती. चालू-बंद करायला खटका, प्रतिध्वनी कमीजास्त करायला घुंडी आणि सरकत्या कागदावर उमटणाऱ्या रेघोट्या. रेघोट्या दाट झाल्या की जाळे टाकायचे.

पुढच्या काही दशकांत नौकेच्या केबिनमध्ये एवढी यंत्रे आली, की खटके आणि घुंड्यांची भिंतच उभी राहिली. मग ती भिंत एका काचेत विरघळली, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्यातले काही खटके परत आले.

पहिली तीन-चार दशके हिशेब सरळ होता : नवे काम आले की नवी पेटी आली. उत्तर समुद्रातल्या नौकांवर डेक्काचे रिसीव्हर बसले. ही यंत्रणा १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत पहिल्यांदा कसाला लागली होती. घड्याळासारख्या तबकड्यांवरचे आकडे वाचून ते खास नकाशावर जुळवले की आपण कुठे आहोत ते कळे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर तेच काम लोरान-सी करत असे. कार्ल लोरन्स आणि त्यांच्या मुलांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींसाठी हातात उचलून नेता येईल असे छोटे फिश फाइंडर बाजारात आणले, आणि खोली मोजणारे यंत्र लहान होड्यांवरही दिसू लागले. रडार, वायरलेस, ऑटोपायलट आणि सोनार हे सगळे आपापली बटणे घेऊन आले. गर्दी होत होती, पण प्रत्येक बटणाचा अर्थ कायमचा ठरलेला होता. एकाच नौकेवर वर्ष काढलेल्या तांडेलाचा हात अंधारातही नेमका तिथेच जायचा.

जीपीएसने हे चित्र बदलले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या गार्मिनने पुढच्याच वर्षी शिकागोच्या सागरी प्रदर्शनात जीपीएस १०० हे पहिले उत्पादन मांडले. किंमत होती २,५०० डॉलर. नागरी वापरासाठीच्या संकेतात अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली गेली, आणि हे स्वस्त होत चाललेले यंत्र मासेमारीसाठी पुरेसे अचूक झाले. गेल्या हंगामात जिथे घोळ भरघोस मिळाली, किंवा जिथे खडकात अडकून जाळे फाटले, ती जागा आता आठवणीऐवजी यंत्रात नोंदवता येऊ लागली. त्याच वर्षी ब्रिटनमधली डेक्का बंद झाली. अमेरिकेतली लोरान-सी २०१० पर्यंत टिकली.

याच काळात बटणाचा स्वभावही बदलला. १९८३ च्या एनएमईए ०१८३ या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली होती. पुढे एनएमईए २००० आल्यावर खोली, वेग, दिशा, इंजिनाचे तापमान ही सगळी माहिती एकाच तारेवरून धावू लागली. नकाशा, रडार आणि फिश फाइंडर एकाच पडद्यावर आले. पडद्याखालच्या चार-पाच बटणांचे काम मात्र पानागणिक बदलायचे. नकाशाच्या पानावर जे बटण खूण करायचे, तेच रडारच्या पानावर पल्ला बदलायचे. म्हणजे ते हाताला लागत असले, तरी त्याचा अर्थ कळायला डोळे पडद्याकडे न्यावेच लागत. टचस्क्रीन येण्याआधीच बटणावरचा भरवसा अर्धा उडाला होता, तो असा.

२००७ मध्ये आयफोन आला, आणि काचेवर बोट फिरवून नकाशा सरकवणे ही लोकांच्या हाताची सवय झाली. २००८ च्या सुमारास गार्मिनने दोन मालिका शेजारी शेजारी ठेवल्या : ४००० क्रमांकाची बटणांची आणि ५००० क्रमांकाची टचस्क्रीनची. गिऱ्हाईक कुठे झुकेल याची कंपनीलाही खात्री नव्हती, असे यावरून वाटते. पुढच्या चार-पाच वर्षांत सिमराड, लोरन्स आणि फुरुनो या सगळ्यांनी टचस्क्रीन आणले.

त्यामागे फॅशनपेक्षा बरेच काही होते. बटणाच्या प्रत्येक छिद्रातून खारे पाणी आत शिरायला वाट मिळते. सलग काचेला ती वाट नसते. बटणे गेली की त्याच आकाराच्या पेटीत मोठा पडदा मावतो. सॉफ्टवेअर बदलून नवी सोय देता येते, भाषा बदलता येते. नकाशा दोन बोटांनी मोठा करणे किंवा नोंदवलेल्या जागेला नाव देणे यांत काचेला तोड नाही. बाणाच्या बटणांनी एकेक अक्षर निवडत नाव लिहिणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. जुने खटके अमर होते, असेही नाही. खाऱ्या हवेत तांब्याच्या जोडांवर हिरवट थर चढतो, स्प्रिंग गंजते, आणि नौकेच्या तळात साचलेले पाणी उपसणारा बिल्जचा पंप ऐन वेळी सुरू होत नाही.

अडचण निघाली ती हातांची. आजचे बहुतेक टचस्क्रीन बोटाच्या दाबावर चालत नाहीत. काचेखालच्या पारदर्शक जाळीत सूक्ष्म विद्युत भार असतो. बोट जवळ आले की तो थोडा ढळतो आणि यंत्राला जागा कळते. खारे पाणीही वीज वाहून नेते, त्यामुळे काचेवर उडालेला लाटेचा फवारा यंत्राला बोटासारखा भासू शकतो. रबरी हातमोज्यातले बोट उलट त्याला जाणवतच नाही. माशाचा चिकट बुळबुळीतपणा, बर्फाने बधिरलेली बोटे आणि पडद्यावर तळपणारे ऊन या भानगडी वेगळ्याच. कंपन्यांनी पाण्याचे थेंब ओळखून टाळणारी सॉफ्टवेअर लिहिली, हातमोज्यासाठी वेगळी सोय दिली, पाऊस असेल तेव्हा स्पर्शच कुलूपबंद करण्याची सोयही दिली. पण स्पर्श कुलूपबंद केला, की काम करायला बटण हवेच.

दुसरी अडचण हेलकाव्यांची. नौका डुलत असताना खटक्याला किंवा घुंडीला धरून हात स्थिरावतो. गुळगुळीत काचेवर टेकायला काही नसते. आणि ट्रॉलरवर जाळे वर घेताना तांडेलाची नजर समोर नसतेच. मागे विंच, ताणलेले दोर आणि दोरांजवळ उभे असलेले खलाशी यांच्यावर ती खिळलेली असते. त्या वेळी वेग कमी करायचा तर मान न वळवता हाताला सापडेल असाच दांडा लागतो.

कंपन्यांना हे लवकर उमगले. रेमरीनने २०१० च्या सुमारास ई-वाइड मालिका आणताना टचस्क्रीनशेजारी घुंडी आणि बटणेही ठेवली आणि त्याला ‘हायब्रिड टच’ असे नाव दिले. २०१७ मध्ये त्यांच्या ॲक्सिऑम मालिकेत निव्वळ काचेचे मॉडेल आले, पण त्याच वर्षी व्यावसायिकांसाठीच्या ॲक्सिऑम प्रोवर घुंडी आणि बटणे होतीच. हमिनबर्डच्या सोलिक्समध्ये प्रत्येक काम स्पर्शानेही होते आणि बटणानेही, आणि त्यांची फक्त बटणांची हेलिक्स मालिका टचस्क्रीनच्या काळातही टिकली. हौशी वापरासाठी निव्वळ काच आणि रोज समुद्रात जाणाऱ्यासाठी काच अधिक घुंडी, अशी वाटणी बाजारातच होऊन गेली.

जगाचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले ते मात्र एका युद्धनौकेने. २१ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका ॲलनिक एमसी या तेलवाहू जहाजाशी धडकली. दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. तिचे सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवरून चालत होते. एका जागेवरचा वेगाचा ताबा दुसऱ्या जागेवर देताना सुकाणूचाही ताबा नकळत तिकडे गेला, आणि सुकाणूवरच्या सैनिकाला वाटले की सुकाणूच निकामी झाले. वेग कमी करताना दोन्ही बाजूंचे थ्रॉटल एकमेकांशी जोडलेले राहिले नव्हते. कमी झाला तो फक्त डाव्या बाजूचा. जहाज डावीकडे वळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ च्या अहवालात अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबर या यंत्रणेच्या रचनेवरही बोट ठेवले. त्याच महिन्यात नौदलाने या वर्गातल्या विनाशिकांवर पुन्हा यांत्रिक थ्रॉटल बसवण्याचे जाहीर केले. ताफ्यातून आलेल्या प्रतिक्रियांतही हीच मागणी ठळक होती.

विनाशिका आणि ट्रॉलर यांची तुलना आकारात होत नाही, पण चूक दोन्हीकडे सारखीच होऊ शकते. दोन दांडे एका रेषेत आहेत की नाहीत, हे हाताला कळते. पडद्यावरच्या छोट्या चौकटीतली खूण डोळ्यांनाच शोधावी लागते, आणि घाईत नेमकी तीच सुटते.

जमिनीवरही हेच मोजले गेले. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मोटार मासिकाने २०२२ मध्ये ताशी ११० किलोमीटर वेगाने गाड्या चालवून चार साधी कामे करायला किती वेळ लागतो ते तपासले. २००५ च्या बटणांच्या व्होल्वोत दहा सेकंद लागले. सर्वांत मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीत जवळपास ४५ सेकंद. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, हॉर्न, वायपर यांसारख्या कामांसाठी प्रत्यक्ष खटके असण्याला महत्त्व दिले आहे.

नौकांच्या बाबतीत जिवाशी गाठ असलेल्या बटणांचा निकाल तर टचस्क्रीन येण्याआधीच लागला होता. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९५ च्या ठरावानुसार वायरलेस संचावर संकटसंदेशासाठी स्वतंत्र, स्पष्ट ओळखता येणारे बटण असावे लागते. आकडे टाइप करायच्या कळांपैकी एखादी त्यासाठी चालत नाही. चुकून दाबले जाऊ नये म्हणून झाकण उचलून मग दाबून धरायचे, अशी त्याची रचना. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या हौशी बोटींवर चालकाने इंजिन बंद करणारी दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय अंगाला अडकवणे बंधनकारक झाले. चालक पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन थांबते. एवढ्या साध्या खटक्याला काचेचा पर्याय अजून सापडलेला नाही.

दिवे, पंप आणि पंखे यांचे खटकेही आता पडद्यात शिरत आहेत. न्यूझीलंडच्या बीईपी मरीनच्या सीझोनसारख्या यंत्रणेत सगळी जोडणी लहान पेट्यांतून होते आणि आज्ञा पडद्यावरून जाते. तारांचे जंजाळ कमी होते. पण तिच्या पेट्यांतही फ्यूज एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवून ते साधन थेट सुरू करण्याची सोय ठेवलेली आहे. पडदा बंद पडेल, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले आहे.

कोकण किनाऱ्यावर टचस्क्रीन पोहोचला तो नकाशा दाखवणाऱ्या महागड्या प्लॉटरपेक्षा खिशातल्या मोबाइलमधून. इस्रोचे संकटसंदेश यंत्र, डॅट, २०१० पासून वापरात आहे : आग, नौका बुडणे, माणूस पाण्यात पडणे, वैद्यकीय मदत अशा संकटांसाठी त्यावर बटणे आहेत आणि संदेश उपग्रहामार्गे तटरक्षक दलाच्या बचाव केंद्रापर्यंत जातो. २०,००० हून अधिक डॅट वापरात गेली. पण संदेश पोहोचला की नाही, हे बटण दाबणाऱ्याला कळत नसे. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच उलट येते, आणि ब्लूटूथने जोडलेल्या मोबाइलवर माहितीही दिसते. त्याआधी २०१९ मध्ये आलेल्या जेमिनी यंत्रानेही हाच मार्ग धरला होता : उपग्रहाकडून आलेला वादळाचा इशारा पेटी पकडते आणि मोबाइलच्या पडद्यावर दाखवते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेची सुरुवात झाली, तिच्यातून सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर दुतर्फा संदेशवहनाचे ट्रान्सपॉन्डर बसवायचे ठरले. वाचायचे ते पडद्यावर आणि मदत मागायची ती बटणावर, ही डॅटची विभागणी या नव्या पेट्यांनीही सोडू नये.

जून-जुलैची मासेमारीबंदी ही नौका किनाऱ्यावर ओढून दुरुस्ती करण्याची वेळ. नवा संच घेणाऱ्या नाखवाने आणि तांडेलाने दुकानात काही गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. हात मिठाच्या पाण्यात बुडवून पडदा चालवावा, मग हातमोजा घालून. पडद्याकडे न बघता वायरलेसवरचे संकटसंदेशाचे लाल बटण सापडते का, हे तपासावे. पडदा पूर्ण बंद करून बिल्ज पंप, दिवे आणि हॉर्न सुरू होतात का, हे विचारून न थांबता विक्रेत्याकडून करून दाखवून घ्यावे. यातले एखादे जरी जमले नाही, तर त्या पैशांत थोडा लहान पडदा घेऊन शेजारी पंप, दिवे आणि हॉर्नसाठी साधे, जलरोधक खटके बसवून घ्यावेत.