उपनगरांनी गमावलेलं माप

30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदवलेली, आणि टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. निरोपाचे लेख भरभरून आले. त्यांत गाडीचा रंग होता, स्टिअरिंगजवळचा गिअर होता, सिनेमातली दृश्यं होती. कारखाना बंद पडल्यावरही ही गाडी दोन दशकं चालती ठेवणारे टर्नर, फिटर आणि मिलिंगवाले मात्र त्या लेखांत फारसे दिसले नाहीत. खरं नुकसान त्यांच्या जाण्यानं झालं आहे.

वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 मध्ये फियाट 1100 डिलाइट आली आणि सत्तरच्या दशकात तिचीच पद्मिनी झाली. परवान्यांची आणि प्रतीक्षायादीची ती वर्षं आळवण्यासारखी नाहीत. ग्राहकाला फारसा पर्याय नव्हता. पण त्या काळानं एक गोष्ट मागे ठेवली. कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, अंधेरी इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत लेथ आणि मिलिंग मशीन चालवणारी, मोजून काम करणारी माणसं तयार झाली.

त्यांच्या कामाला ‘चालवून घेणं’ म्हणून हिणवणाऱ्यांनी ते काम कधी नीट पाहिलंच नाही. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. इंजिन तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. ते मिलिंगवर सपाट करायचं तर आधी डायल लावून चारही कोपरे एका पातळीत आणावे लागतात. टेबलाच्या स्क्रूतली ढिलाई माप चुकवू नये म्हणून ते नेहमी एकाच दिशेनं मापावर आणावं लागतं. कट शक्य तितका हलका घ्यायचा, कारण जास्त धातू गेला तर दाब वाढतो आणि इंजिन ठोकू लागतं. मग जोडणी. क्रँकच्या बेअरिंगच्या टोप्या ब्लॉकला लावूनच बोअर केलेल्या असतात, म्हणून उघडताना पंचानं खुणा करायच्या आणि प्रत्येक टोपी तिच्याच जागी, त्याच दिशेनं बसवायची. हेडचे बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळायचे. हे अभियांत्रिकीचं शुद्ध ज्ञान आहे, फक्त ते कागदापेक्षा हातात जास्त साठलेलं होतं.

हे ज्ञान मोडलं नव्वदच्या दशकात. 1991 मध्ये दोन गोष्टी घडल्या: दिल्लीत नवं औद्योगिक धोरण आलं आणि मुंबईत नवी विकास नियंत्रण नियमावली. पहिलीची चर्चा आजही चालते. उपनगरांचं रूप मात्र दुसरीनं पालटलं. औद्योगिक जमिनीवर घरं आणि दुकानं उभारण्याची वाट रुंद झाली, आणि कारखाना चालवण्यापेक्षा त्याची जमीन विकणं फायद्याचं ठरू लागलं. लालबहादूर शास्त्री मार्गावर धुराड्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले. मोठा कारखाना गेला की त्याच्या आधारानं जगणारा गाळाही गेला, आणि मशीन वजनावर भंगारात. कामगारांची देणी निदान न्यायालयापर्यंत पोचली. बुडालेल्या कौशल्याची नोंद कुणी केली नाही. जागतिक स्पर्धेत हे अटळ होतं असं तेव्हा सांगितलं गेलं. स्पर्धा खरी होती, पण गाळ्याखालच्या जमिनीचा वापर नियमांनी ठरवला, आणि नियम माणसंच करतात.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. संगणकाच्या आज्ञांवर चालणारं सीएनसी मशीन अधिक अचूक आहे, हे खरं. एकसारखे हजार भाग काढायला त्याच्याशी बरोबरी नाही. पण झिजलेला प्रत्येक भाग वेगळा झिजतो. त्याचा आराखडा कुठेच नसतो, तो आधी मोजून समजून घ्यावा लागतो. दुसरा आक्षेप धुराचा. जुन्या टॅक्सीची मुदत संपवणं योग्यच होतं, पद्मिनी परत आणा असं माझं म्हणणं नाही. पण नीट न जुळवलेलं इंजिन जास्त धूर ओकतं, तेव्हा स्वच्छ हवेलाही चांगला फिटर लागतोच. तिसरा, नवा भाग घेणं स्वस्त पडतं हा. जिथे भाग मिळतो तिथे पडतही असेल.

मनोरीसारख्या गावात हा हिशेब उलटतो. तिथल्या कोळ्यांच्या बोटी डिझेल इंजिनावर चालतात. मुंबईच्या हद्दीत असूनही मालाडच्या बाजाराला जायचं तर खाडी ओलांडून मार्वेला उतरावं लागतं, नाहीतर उत्तन-भाईंदरचा वळसा घ्यावा लागतो. हंगामात बोट बंद म्हणजे घरची मिळकत बंद. घराच्या पडवीत मावेल असं लहान मिलिंग मशीन आणि ते जाणणारा एक माणूस अशा गावाला हवा आहे. त्यासाठी आयटीआयमध्ये दुरुस्तीचं मिलिंग स्वतंत्र विषय म्हणून शिकवावं, पुनर्विकासात पाडलेल्या गाळ्यांइतकी जागा लहान कार्यशाळांना परवडणाऱ्या भाड्यानं राखून ठेवावी, आणि निवृत्त कारागिरांना मानधन देऊन शिकवायला बोलवावं. ज्यांच्या हातात ते माप आहे ती पिढी अजून हयात आहे. पुढच्या दशकात ही सोयही उरणार नाही.