विश्लेषण : अंगणात थेट मोठे झाड लावले तर ते जगते का? पैसे मोजण्यापूर्वी काय तपासावे?

बंगल्याचे काम संपले, रंगरंगोटी झाली, पण अंगण ओकेबोके. रोप लावून सावलीसाठी आठ-दहा वर्षे कोण थांबणार, म्हणून अनेक जण थेट पंधरा-वीस फुटी झाड मागवतात. आंध्र प्रदेशातील कडियमच्या रोपवाटिकांतून अशी झाडे ट्रकने दूरवर जातात. क्रेनने झाड खड्ड्यात उतरते, काही दिवस हिरवेगार दिसते आणि नंतर वाळू लागते. असे का होते?

झाड काढताना नेमके काय तुटते?

झाडाची मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात. झाड खणून काढताना मातीच्या गोळ्याबाहेरची सगळी मुळे तुटतात. पाणी शोषणाऱ्या मुळांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मुळे जुन्या जागीच राहू शकतात. पानांची तहान मात्र तेवढीच असते. खोडात साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावर झाड काही काळ तग धरते. त्यामुळे पहिल्या महिन्यातील हिरवेपणा म्हणजे झाड जगले, असे नाही.

मातीचा गोळा केवढा हवा?

जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल, त्याच्या किमान दहापट व्यासाचा गोळा हवा. म्हणजे सहा इंची खोडाला पाच फुटांचा. तो अडीच फूट खोल धरला, तर नुसत्या मातीचे वजन दोन टनांच्या आसपास जाते. सहा इंची खोडाखाली दोन मजूर सहज उचलतील एवढाच गोळा असेल, तर मुळे मागेच राहिली आहेत असे समजावे. मोठ्या कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्ये वाढवलेल्या झाडांना आणि पामना हा हिशेब लागू नाही. घराच्या गेटमधून हायड्रा आत येईल का, वाटेत सेप्टिक टँक किंवा पाण्याची टाकी आहे का, हेही आधीच पाहावे.

कोणती झाडे जगण्याची शक्यता जास्त?

वड, पिंपळ, उंबर आणि चाफा यांना नवी मुळे सहज फुटतात. पामच्या बुंध्यातूनही नवी मुळे येतात. पण वड-पिंपळाची मुळे पुढे पाया आणि ड्रेनेजमध्ये शिरतात, त्यामुळे छोट्या अंगणात ती टाळलेलीच बरी.

मोठ्या प्रमाणावरील पुनर्रोपणाचा अनुभव काय?

दिल्लीच्या २०२० च्या धोरणात पुनर्रोपित झाडांपैकी ८० टक्के झाडे वर्षभरानंतर जिवंत असावीत, अशी अट आहे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात वन विभागाने दिलेल्या माहितीनुसार, आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ झाडेच जगली होती, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश.

लावताना चुका कुठे होतात?

पहिली चूक खोल खड्ड्याची. खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण गोळ्यापेक्षा खोल नको. खोड जिथे रुंद होत मुळांत मिसळते, तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसला पाहिजे. काळ्या चिकणमातीत खोल खड्ड्याची बादली होते, पाणी साचते आणि मुळे कुजतात. प्लास्टिक पूर्ण काढावे, खोडाभोवतीची सुतळी आणि गोळ्याच्या वरच्या भागातील तार कापावी. पाणी खड्ड्याच्या कडेला न देता थेट गोळ्यावर मुरेल असे द्यावे. दोन-तीन इंच पालापाचोळा पसरावा, मात्र तो खोडाला टेकू नये. आधाराच्या दोऱ्या सैल ठेवाव्यात आणि वर्षभराने काढाव्यात. तुटक्या आणि वाळलेल्या फांद्यांपलीकडे छाटणी नको, कारण नव्या मुळांसाठी लागणारे अन्न पानेच तयार करतात. झाड खणण्याच्या काही महिने आधी भोवती चर काढून मुळे टप्प्याटप्प्याने छाटली असतील, तर गोळ्यातच नवी मुळे फुटलेली असतात. हे काम केले होते का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा.

परवानगी लागते का?

नव्या बांधकामात आड येणारे जुने झाड दुसरीकडे हलवायचे असेल, तर लागते. ते आपल्याच अंगणात असले तरी महाराष्ट्रातील शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे ‘हेरिटेज’ ठरतात. बाहेरून झाड विकत घेत असाल, तर ते रोपवाटिकेत वाढवलेले आहे की कुणाच्या बांधावरून उपटलेले, हे विचारावे.

मग मोठे झाड घ्यावे की लहान?

थंड प्रदेशात खोडाच्या दर इंचामागे झाडाला सावरायला सुमारे एक वर्ष लागते, असा ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उष्ण हवेत हा काळ कमी असतो. तरीही मोठे झाड या काळात जेमतेम वाढते. दीड-दोन इंची खोडाचे झाड लवकर रुजते आणि अनेकदा काही वर्षांत मोठ्याच्या बरोबरीला येते. त्यामुळे आठ-दहा फूट उंचीचे, पिशवीत वाढलेले देशी झाड पावसाळ्याच्या सुरुवातीला लावणे बहुतेक घरांसाठी फायद्याचे ठरते. मोठेच हवे असेल, तर व्यवहारात किमान दोन उन्हाळ्यांची देखभाल आणि झाड वाळल्यास बदलून देण्याची अट लेखी घ्यावी. खरी परीक्षा त्या दोन उन्हाळ्यांत होते.