फोटोतला लाल फेटा काळा का?

परभणी जिल्ह्यातल्या पेडगावात नाहीतर तुमच्या गावात कुणाच्या भिंतीवर पणजोबांचा जुना फोटो असेल, तर जरा जवळ जाऊन बघा बरं. डोक्यावरचा फेटा काळाकुट्ट दिसतोय? मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्याचा रंग विचारा. "काळा? छे रे, लालभडक होता!" असं उत्तर आलं, तर त्यांची आठवण चुकतेय असं लगेच समजू नका. फोटोत शेजारी पणजी बसली असेल तर तिचं कुंकूही काळंच दिसेल. आणि कुंकू तर लालच असणार ना!

मग लाल गेला कुठे?

जुन्या काळी फोटो काचेवर काढत. काचेवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असे. त्यावर प्रकाश पडला की तिथे बदल घडे आणि चित्र उमटे. पण हे क्षार निवडक! निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाने ते लगेच बदलत, लाल प्रकाशाचा मात्र त्यांच्यावर काही परिणामच होत नसे. कैरीच्या झाडाला शंभर वेळा हळूच बोट लावलं तरी कैरी पडत नाही, पण फांदी एकदा जोरात हलवली की पडते. निळ्या प्रकाशाच्या कणात तेवढा जोर असतो, लाल प्रकाशाच्या कणात तो नसतो. म्हणून तर फोटो धुणारे लोक अंधाऱ्या खोलीत खुशाल लाल दिवा लावून काम करत.

याचा अर्थ असा, की काचेच्या दृष्टीने लाल फेटा म्हणजे अंधार आणि निळा सदरा म्हणजे लख्ख उजेड. फोटोत लाल काळा झाला, निळा फिका झाला. गव्हाळ चेहरेसुद्धा होते त्यापेक्षा सावळे दिसू लागले.

खरं वाटत नसेल तर निळा जिलेटिन कागद आणा. त्याच्या दोन-तीन घड्या डोळ्यांसमोर धरा आणि आधी कुंकवाचा करंडा बघा, मग निळा शर्ट बघा. जुन्या कॅमेऱ्याला जग साधारण असंच दिसायचं.

काचेवर फोटो काढत त्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सहाव्या निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ नावाचे फार मोठे छायाचित्रकार होते. राजवाडे, सरदार, फौजा, कितीतरी गोष्टी त्यांनी टिपल्या. ते 1905 साली वारले. त्या काळातल्या फोटोंतली रंगीत पागोटी आणि लष्करी पोशाख बघताना हा निळा कागद आठवा. काळं दिसतं ते काळंच असेल असं नाही.

हाच घोळ हजारो कोस दूर जर्मनीतही झाला. तिथल्या प्रशिया राज्याच्या पायदळाची साधी टोपी गडद निळी, आणि तिच्याभोवती लाल पट्टी. जुन्या फोटोत ही झळझळीत पट्टी चक्क काळी दिसते! मला यातली सगळ्यांत भारी गोष्ट पुढचीच वाटते. पुढे सैन्याचे कपडे करडे झाले, तरी टोपीवरची लाल पट्टी राहिलीच. पहिल्या महायुद्धात मग त्या पट्टीवर करड्या कापडाची फीत लावावी लागली. कॅमेऱ्याला न दिसणारा लाल शत्रूला मात्र लांबून दिसत होता!

त्या जर्मन फोटोंत आणखी एक गंमत आहे. एकाच फोटोत एकाच्या डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, दुसऱ्याच्या गोल टोपी, तिसऱ्याच्या पुढे झाप असलेली टोपी. सगळे एकाच सैन्यातले, मग असं का? टोकदार शिरस्त्राण प्रशियात 1842 साली आलं. ते कडक चामड्याचं असे. महायुद्धात चामडं कमी पडलं, तेव्हा कुणाला नमद्याचं मिळालं, कुणाला पत्र्याचं. वयाने मोठ्या राखीव शिपायांना जुन्या धर्तीच्या मेणकापडाच्या टोप्या दिल्या. काही शिपाई सुट्टीत मिरवायला पदरच्या पैशाने छानशी टोपी शिवून घेत आणि तीच घालून स्टुडिओत जात. 1916 पासून पोलादी शिरस्त्राण आलं. असं असताना टोप्या जुळणार कशा? म्हणूनच फोटो कधीचा हे ओळखायला जाणकार आधी टोपी बघतात.

काचेला सगळे रंग दाखवायची वाटही एका जर्मन माणसानेच काढली. बर्लिनच्या हेरमान फोगेल यांनी 1873 साली शोधलं, की चांदीच्या क्षारांत ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर त्यांना हिरवा प्रकाशही जाणवतो. लाल ओळखणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या 1906 च्या सुमारास. तरी लाल न ओळखणारी फिल्म स्टुडिओंत पुढेही बरीच वर्षं चालली. पणजोबांचा फेटा काळा पडायला तेवढं पुरे होतं.

तर आता एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि एकेक जुना फोटो दाखवून विचारा: फेटा कुठल्या रंगाचा होता, लुगडं कुठल्या रंगाचं होतं, हा कोट स्वतःचा की स्टुडिओतला? मिळालेलं उत्तर फोटोच्या मागे लिहून ठेवा. पेनाने नको हं, शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ पेन्सिल घ्या आणि अगदी हलक्या हाताने लिहा.